अंगणात चढवलेला पाटा

लग्न होऊन मी मिरजेहून हुबळीला आले, तेव्हा सासरचं दुकान रोषणाईचं होतं. लग्नाच्या मांडवाला दिव्यांच्या माळा, पंखे, कर्णे भाड्याने द्यायचे. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि वीजकपात इतकी वाढली होती, की माळा लावून उपयोग नव्हता, वीजही आपल्यालाच न्यावी लागे. म्हणून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याचा डिझेल जनरेटर विकत घेतला. तो हलवायचा कसा, हा प्रश्न मात्र घेताना त्यांच्या मनात आलाच नव्हता.

तो सोडवला अक्कांनी. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांनी लग्न केलं नव्हतं, दुकानाचा बाहेरचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता, आणि त्या काळात हुबळीच्या रस्त्यांवर साडी नेसून जीप चालवणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप त्यांनी हट्टाने घ्यायला लावली. जनरेटरसाठी दोन चाकांची लोखंडी ट्रॉली बनवून घेतली आणि जीपच्या मागे आकडा बसवून घेतला. बैलगाडी नको, ट्रक नको, आता आपण कुठेही जाऊ, असं त्या म्हणत, तेव्हा मला वाटायचं, या घरात काहीही होऊ शकतं.

पहिलं काम धारवाडचं होतं. सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत लग्न. मी नवी सून, घरात बसून राहायचे दिवस, पण अक्का म्हणाल्या, चल, माळा धरायला कुणीतरी हवंच. मी त्यांच्या शेजारी बसले. मागे ट्रॉली अडकवली आणि जीपचा मागचा भाग असा खाली बसला, जशी म्हैस पाण्यात बसते. पुढचं नाक वर. उणकलच्या तळ्यापर्यंत येईतो संधिप्रकाश झाला होता. अक्कांनी दिवे लावले तर उजेड रस्त्यावर पडेचना, सगळा कडुनिंबांच्या शेंड्यांवर. खड्डा आला की पुढची चाकं हलकी होत. अक्का हातातलं चाक वळवत आणि जीप क्षणभर सरळच जाई, मग आठवण झाल्यासारखी वळे. मागे ट्रॉली डावी-उजवीकडे डुलत होती. मी दाराची कड घट्ट धरून बसले होते. भीती वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर जन्मात इतकी मजा मला कधी आली नव्हती.

पोचलो, मांडव उजळला, सगळं पार पडलं. पण दुसऱ्या दिवशी जेवताना अप्पांनी विषय काढला. जीप ओझ्याला कमी पडते आहे, मागचे पाटे बसलेत, कमरीपेठेतल्या मिस्त्रीकडे टाका, असं त्यांचं म्हणणं. पाटे म्हणजे चाकांच्या दांड्यावर बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर असतं, आणि प्रत्येक पट्टी कमानीसारखी वाकवलेली असते. आमच्या जीपच्या कमानी ओझ्याने सपाट झाल्या होत्या.

अक्कांना मिस्त्रीकडे जाणं मान्य नव्हतं. तिथे गाडी टाकली की भर लग्नसराईत ती किती दिवस पडून राहील, याचा नेम नाही, आणि मिस्त्री काय करतो ते आपल्याला कळतही नाही. "एक जादा पाटा घालायचा आहे, अप्पा. जनरेटर मी उघडून बसवला, तेव्हा कुणाला बोलावलं होतं?" असं त्या म्हणाल्या.

अप्पा म्हणाले, जनरेटर बिघडला तर दिवे जातात. गाडी बिघडली तर माणसं जातात.

आमचे हे दोघांच्याही बोलण्याला मान डोलावत भात कालवत राहिले. शेवटी अप्पा उठून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, येतेस का मदतीला? मी तोवर पाना कधी हातात धरला नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

आम्ही दोघी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. अक्का प्रत्येक पाटा उचलून त्यावर हातोडीने टक् करून आवाज ऐकत. दुकानदार कन्नडमधून काहीतरी म्हणाला आणि हसला. मला तेव्हा कन्नड फारसं येत नव्हतं. अक्कांनी त्याला हसतच उत्तर दिलं आणि दोन पाटे निवडले, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. येताना ते मी मांडीवर घेऊन बसले होते. साडीला गंज लागला, तो शेवटपर्यंत निघाला नाही.

रविवारी सकाळीच मागच्या अंगणात काम सुरू झालं. जीप जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे सरकवले. मी नऊवारी नेसत नसे, पण त्या दिवशी अक्कांनी पाचवारीचाच घट्ट काचा मारायला शिकवलं आणि आम्ही दोघी जीपखाली शिरलो. खालून पाहिलेली गाडी म्हणजे वेगळीच दुनिया. तेल, चिखल, गंज, आणि त्यात एकेक बोल्ट वर्षानुवर्षं बसलेला. रॉकेल टाकायचं, थांबायचं, पाना लावायचा, पाय जमिनीला रोवून ओढायचं. पहिला बोल्ट कुरकुरत फिरला तेव्हा मी आनंदाने अक्कांच्या खांद्यावर थाप मारली आणि मग एकदम आठवलं, की ही माझी थोरली नणंद आहे. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पाट्यांच्या चळतीच्या मधोमध एक बोल्ट आरपार जातो. तो सगळ्या पट्ट्यांना एकत्र धरून ठेवतो आणि चाकाचा दांडा जागेवर ठेवतो. तो सोडताना शिकंजा लावून चळत दाबून धरायची असते. आमच्याकडे शिकंजा होता सुताराचा, उसना आणलेला. तो सटकला. सगळी चळत खणकन उघडली, एक पट्टी उडून भिंतीवर आदळली आणि आमचे हे स्वयंपाकघरातून धावत आले. कुणाला लागलं नव्हतं. अक्कांनी त्या पट्टीकडे पाहिलं, त्या हसू लागल्या, आणि मलाही हसू आवरेना. यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि मुकाट्याने चहा टाकायला गेले.

दुपारी मात्र काम जमत गेलं. नव्या पाट्याची कमान जुन्यांहून जास्त होती, तो मध्ये घालून सगळी चळत दाबायला लांब बोल्ट घेऊन दोन्हीकडून थोडं थोडं आवळत आणावं लागलं. मग दांड्याभोवती इंग्रजी यूच्या आकाराचे जे बोल्ट असतात, ते परत घातले. चळत जाड झाल्यामुळे ते थोडे आखूड पडत होते, नटमध्ये जेमतेम शिरत होते. अक्कांनी ते पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, बसतंय. मीही म्हटलं, बसतंय.

ऊन उतरताना जीप ठोकळ्यांवरून खाली घेतली. मागचा भाग उंच, ताठ. गल्लीतले लोक जमले. अक्कांनी अप्पांना बसवून लॅमिंग्टन रोडपर्यंत चक्कर मारली. रिकामी जीप दगडासारखी कडक झाली होती, प्रत्येक खड्ड्यावर अप्पांची टोपी उडत होती, पण ट्रॉली अडकवल्यावर जीप अगदी समतल उभी राहिली. अप्पा तिच्याभोवती फिरले, वाकून बघितलं, आणि एवढंच म्हणाले, की दिसतंय तरी बरं. अक्कांना तेवढं पुरलं. त्या रात्री आम्ही दोघींनी रॉकेलने हात धुतले, तरी जेवताना भाकरीला तेलाचा वास येत होता.

पुढची एक-दोन कामं हुबळीतलीच होती. सगळं छान चाललं. मग पुन्हा धारवाडचं लग्न आलं. गोरज मुहूर्त होता, म्हणजे अक्षता अगदी दिवेलागणीला, आणि त्या दिवशी वीज जाणार हे आधीच जाहीर झालेलं. आम्ही दुपारीच निघालो, अक्का, मी, आणि मागे माळांच्या पेट्या. नवलूरच्या अलीकडे अक्का चाक घट्ट धरून पुढे वाकल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, गाडी उजवीकडे ओढते आहे. त्या चाक डावीकडे धरून होत्या तरी जीप तिरकी चालली होती, खेकड्यासारखी. मागून खडखड आवाज येऊ लागला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

खाली वाकून पाहिलं. डाव्या बाजूचे नट ढिले पडले होते, मधला बोल्ट तुटला होता आणि चाकाचा दांडा त्या बाजूने मागे सरकला होता. आणखी थोडं गेलो असतो तर काय झालं असतं, ते दोघींनाही दिसत होतं.  अक्कांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मुहूर्त थांबणार नाही. आधी ट्रॉली सोडू."

बसथांब्यावरची माणसं मदतीला आली. ट्रॉलीचा दांडा आकड्यातून वर उचलायचा होता. चांगले धडधाकट लोक लागले, तरी तो उचलताना सगळे कण्हत होते. मीही एका बाजूने हात लावला होता, आणि त्या क्षणी मला माझ्या माहेरची हातगाडी आठवली. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. मालाची हातगाडी भरताना ते ओझं नेहमी चाकांच्या बरोबर वर ठेवायला लावत. तसं ठेवलं की दांडी दोन बोटांनी उचलता येई. पुढे ठेवलं की दांडी माणसाला खाली दाबे. आमचा जनरेटर ट्रॉलीच्या अगदी पुढच्या टोकाला बसवलेला होता. त्याचं ओझं चाकांवर नव्हतंच, ते सगळं जीपच्या शेपटीवर होतं. मी अक्कांना म्हटलं. त्या म्हणाल्या, खरं आहे गं, पण आत्ता नाही.

आत्ता जीपच्या चाकाचा दांडा जागेवर आणायचा होता. जीप गियरमधून काढली, हाताचा ब्रेक सोडला आणि डाव्या मागच्या चाकाच्या मागे मोठा दगड अडकवला. पुढून लोकांनी जीप मागे ढकलायची, म्हणजे चाक जागेवर राहील आणि वरचा सांगाडा मागे सरकेल. मी पहार घेऊन खाली, अक्का माझ्यासमोर आडव्या. त्या ओरडत होत्या, "नूकरी, नूकरी." मला ते नोकरी असं ऐकू येत होतं. या प्रसंगी त्या कुणाला नोकरी देतायत, हे मला कळेना. मग जीप हलली, पहारीखाली दांडा इंच इंच सरकला आणि मला शब्दाचा अर्थ कळला. ढकला. तो माझा कन्नडचा सगळ्यात पक्का शब्द.

दांडा जागेवर आला. आम्ही नट अंगातली सगळी ताकद लावून आवळले, वरून साखळीने बांधून टाकलं, ट्रॉली पुन्हा अडकवली, आणि जनावराला चालवावं तशी जीप पहिल्या गियरमध्ये धारवाडात नेली. मी शेजारून चालत होते, खाली बघत, नट फिरतोय का ते सांगायला. मांडवात पोचलो तर वीज गेलेली, मंगलाष्टकं सुरू व्हायची तयारी, नवरीचा मामा दारात उभा. माझे हात काळे, साडी चिखलात. आम्ही तारा जोडल्या, अक्कांनी जनरेटरचं हँडल मारलं, तो दोनदा खोकला आणि मग घुमू लागला. सगळ्या माळा एकदम लागल्या. मांडवातून एक हलका आवाज उठला, शेकडो माणसं एकदम श्वास घेतात तसा. मी एका खांबाला टेकून उभी होते आणि मला नाचावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का स्वतःहून म्हणाल्या, कमरीपेठेत जाऊ. अप्पांनी त्यावर काही टोमणा मारला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. ते फक्त बरोबर यायला निघाले.

मिस्त्री धिप्पाड, बोलका माणूस होता. जीप दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेऊन त्याने खालून पाहिलं आणि विचारलं, हे काम कुणी केलं? अक्का म्हणाल्या, आम्ही दोघींनी. तो बराच वेळ खालीच होता. वर आला तेव्हा त्याने सांगितलं, की पाटा निवडलाय चांगला, घातलाय बरोबर जागी, पण बोल्ट आखूड आणि जुने. नव्या पाट्यासकट चळत ओझ्याखाली बसते, म्हणून गाडी चार दिवस चालली की नट पुन्हा आवळायचे असतात. ते कुणी केलं नाही. मग तो म्हणाला, मी असं करतो, आणखी दोन जाड पाटे घालतो, हत्ती बांधा मागे.

अप्पा खूश झाले. अक्का नव्हत्या. रिकामी जीप आत्ताच हाडं खिळखिळी करते, आणखी दोन घातल्यावर काय होईल? तिथे अक्का आणि मिस्त्रीची चांगलीच जुंपली, अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत. मी मध्येच म्हटलं, की आधी जनरेटर मागे सरकवून बघू या का? मिस्त्री म्हणाला, ट्रॉली माझं काम नाही, माझं काम जीप. अक्का म्हणाल्या, "ओझं एकच आहे, मिस्त्री. तुम्ही अर्धं बघणार, तर अर्धंच बरं होणार."

त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "नोडोण री." बघू या. ट्रॉली आणली. जनरेटर पुढे बसवण्याचं कारण एवढंच होतं, की मागे माळांच्या पेट्यांना जागा राहावी. आम्ही पेट्या पुढे घेतल्या, जनरेटरचे बोल्ट काढले आणि पहारीने तो मागे सरकवू लागलो. दर थोड्या वेळाने कुणीतरी ट्रॉलीचा दांडा उचलून बघे. जड, मग कमी जड, मग मी एकटीने तो गुडघ्यापर्यंत उचलला. मला इतका आनंद झाला, की मी म्हटलं, अजून मागे घेऊ, बोटावर येऊ दे. मिस्त्रीने हात आडवा केला. "साकु," म्हणजे पुरे. ओझं फार मागे गेलं तर ट्रॉली आकडा वर उचलते आणि उतारावर शेपूट हलवत गाडीलाच फेकते. त्याने तसा ट्रक उलटलेला पाहिला होता, आणि सांगताना तो नेहमीसारखा हसला नाही. दांडी थोडी जड असायलाच हवी. हातगाडी माणूस सांभाळतो, ट्रॉलीला सांभाळणारं कुणी नसतं. हे मला ठाऊक नव्हतं.

जादा जाड पाट्यांचा विचार मग त्यानेच सोडला. आमचा घातलेला पाटा राहू दिला. जुने सपाट झालेले पाटे भट्टीत तापवून पुन्हा कमानीत आणायचे ठरले, ते घरी होण्यासारखं नव्हतंच. नवे लांब बोल्ट, नवे मधले बोल्ट, आणि मागे धक्के सोसणाऱ्या नळ्याही नव्या. अक्कांनी एकच अट घातली. गाडी टाकून आम्ही जाणार नाही, जोडणी आमच्यासमोर होईल आणि शेवटचे नट आम्ही आवळू. अप्पांना वाटलं, मिस्त्री चिडणार. तो म्हणाला, आवळा, मग सुटले तर मला शिव्या देता येणार नाहीत.

ते दिवस मला सणासारखे आठवतात. भट्टीत लाल झालेला पाटा तेलात बुडवला की उठणारा धूर, हातोड्यांचा ठेका, कमरीपेठेच्या त्या अरुंद गल्लीत जेवणाच्या डब्यांचे वास. अप्पा रोज यायचे आणि स्टुलावर बसून सगळ्यांना सूचना द्यायचे. कुणी ऐकत नसे, तरी घरी गेल्यावर ते जेवताना यांना सगळं काम समजावून सांगत, जणू भट्टी तेच चालवत होते. बाजूच्या दुकानांतली माणसं दोन बायका पाने घेऊन बसलेल्या बघायला येत. पहिल्या दिवशी मी पदर सावरत होते. मग विसरले.

शेवटचा नट अक्कांनी आवळला. मिस्त्रीने नटाला पाना लावून बघितला आणि अर्धा आटा आणखी फिरवला. अक्कांनी पाना परत घेतला आणि त्याच्याही पुढे पाव आटा फिरवला. दोघं एकमेकांकडे बघून हसले.

त्या लग्नसराईत आम्ही जीप गदगच्या वाटेवर नेली, हावेरीकडे नेली. दर कामानंतर परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जीपखाली शिरून नट तपासायचे, हे माझं काम ठरलं. पुढे ऐंशीच्या दशकात टेम्पो आला, मोठा जनरेटर आला, माणसं वाढली. त्या वेळीही नवं काही बसवायचं असलं, की अक्का आधी विचारत, यातलं घरी होण्यासारखं किती? उरलेलं काम मिस्त्रीकडे जाई, आणि त्या दोघांचं भांडणही न चुकता होई.

पण पाटे बसवले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, एकदा जनरेटर दुरुस्तीला उतरवून रिकाम्या ट्रॉलीसह परतताना, रायापूरच्या सरळ रस्त्यावर अक्कांनी जीप थांबवली. त्या खाली उतरल्या, फिरून माझ्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "सरक तिकडे." मी म्हटलं, अक्का, मला येत नाही. त्या म्हणाल्या, खालून सगळी गाडी तुला ठाऊक आहे, आता वरून शीक.

मी चाक धरलं. क्लच सोडताना जीपने असा झटका दिला, की मागे ट्रॉली खणखणली. मग ती चालू लागली, हळूहळू, आणि दोन्ही बाजूंची झाडं मागे जाऊ लागली. समोरून धारवाडची बस आली, तिच्या चालकाने मान बाहेर काढून आमच्याकडे पाहिलं. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. अक्का पाय पसरून बसल्या, त्यांनी खिडकीवर कोपर टेकवलं, आणि गाण्याची एक ओळ गुणगुणू लागल्या. मी दुसरा गियर टाकला.